कोणते शंकरराव?

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी नावाचे मोठे गाव आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि देहूहून पंढरीला निघालेली तुकाराम महाराजांची पालखी अंथुर्णे मागे टाकून येथे मुक्कामाला येते. गावाच्या नावातला दुसरा शब्द महत्त्वाचा. निमगावे महाराष्ट्रात उदंड आहेत. एकट्या पुणे जिल्ह्यात निमगाव सावा जुन्नरकडे, निमगाव म्हाळुंगी शिरूरकडे आणि खंडोबाचे निमगाव दावडी खेडकडे. नगर जिल्ह्यात गेले की निमगाव जाळी आणि निमगाव कोऱ्हाळे. जेथे कडुनिंब तेथे निमगाव, असा सरळ हिशेब असल्याने नावे सारखी निघाली यात नवल नाही. नवल असलेच तर ते या गावांनी शोधलेल्या उपायाचे आहे. कोणत्याही निमगावाने आपल्यापुढे 'थोर' किंवा 'पुण्यवान' असे विशेषण लावले नाही. शेजारच्या गावाचे नाव, एखादी खूण, एखादे झाड किंवा देवस्थान, एवढ्यावर त्यांनी काम भागवले. पत्र चुकू नये, सोयरिकीचे वऱ्हाड भलत्या गावी उतरू नये, यासाठी एवढे पुरेसे होते.

गावांना जे साधले ते आपल्या राजकीय इतिहासाला साधलेले नाही, असे मला वाटते. एकाच नावाची अनेक माणसे सार्वजनिक जीवनात येऊन गेली की त्यांना वेगळे ठेवण्याची आपली रीत काय, आणि ती कितपत पुरी पडते, याचा विचार या लेखात करायचा आहे. उदाहरण याच परिसरातून सुरू होणारे आहे.

नामसाम्याचा प्रश्न जुनाच. युरोपातील राजघराण्यांनी तो आकड्यांनी सोडवला. फ्रान्सच्या लुईंची गणती अठरापर्यंत गेली. इंग्लंडमध्ये विल्यम पिट नावाचे पितापुत्र दोघेही पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांना 'थोरले' आणि 'धाकटे' म्हटले गेले. मराठीने आकडे सहसा वापरले नाहीत. पेशव्यांत दोन माधवराव झाले, त्यांपैकी एक 'थोरले' आणि एक 'सवाई'. दुसऱ्या बाजीरावाला आकडा लागला खरा, पण लोकांच्या तोंडी तो 'रावबाजी' झाला. दोन शाहू मात्र आजही विद्यार्थ्यांना चकवतात. साताऱ्याचे शाहू १७४९ साली निवर्तले, कोल्हापूरचे शाहू १८७४ साली जन्मले. मध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, आणि तरीही उत्तरपत्रिकांत पेशवाईचा विस्तार आणि वेदोक्त प्रकरण एकाच राजाच्या नावावर जमा झालेले दिसते. 'छत्रपती' हे पद दोघांचे समान असल्याने ते येथे कामाला येत नाही. 'सातारा' आणि 'कोल्हापूर' हेच शब्द कामाला येतात.

राजेरजवाड्यांचा काळ सरला आणि लोकशाहीचे पुढारी आले. विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या राजकारणात एक नाव इतक्या वेळा येते की ते नाव न राहता एका पिढीचे बिरूद वाटू लागते. ते नाव शंकरराव. शंकरराव देव, शंकरराव मोरे, शंकरराव चव्हाण, शंकरराव मोहिते-पाटील, शंकरराव काळे, शंकरराव कोल्हे, आणि निमगाव केतकी ज्या तालुक्यात येते त्या तालुक्याचे शंकरराव बाजीराव पाटील. ही यादी पूर्ण नाही, पण आपल्या कामापुरती पुरेशी आहे.

यात रक्ताचे नाते जवळजवळ कोठेच नाही. जात, जिल्हा, पक्ष आणि हितसंबंध वेगवेगळे आहेत. समान आहे ते एवढेच की साधारण १८९० ते १९३० या काळात मराठी घरांत मुलाला शिवाचे नाव ठेवण्याचा प्रघात होता, आणि मुलगा मोठा होऊन चार माणसांत मानला जाऊ लागला की नावापुढे 'राव' लागत असे. हा 'राव' ब्राह्मण देवांनाही लागला आणि मराठा मोहिते-पाटलांनाही. पुढच्या पिढीत ही रीत संपलेली दिसते. या शंकररावांचे वारस अशोक, विजयसिंह, हर्षवर्धन, आशुतोष अशी नावे घेऊन आले. म्हणजे नावावरून माणूस ओळखता येत नसला तरी त्याचा काळ ओळखता येतो. नामसाम्याचा हा एक खरा उपयोग आहे, आणि बहुधा तेवढाच.

आता या शंकररावांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी ठेवून पाहू.

पहिली जोडी पुण्याच्या राजकारणातली. शंकरराव देव हे गांधीवादी, काँग्रेसचे सरचिटणीस, संविधान सभेचे सदस्य. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. शंकरराव मोरे यांची घडण ब्राह्मणेतर चळवळीतली. केशवराव जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये आले, पण शेतकरी-कष्टकऱ्यांना तेथे जागा नाही असे वाटून बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्या पक्षाने मार्क्सवादाशी आपले नाते जाहीर केले. १९५२ मध्ये मोरे सोलापुरातून लोकसभेवर गेले. काही वर्षांतच भूमिका उलटसुलट झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर देव काँग्रेस श्रेष्ठींशी तडजोडीच्या बाजूला झुकले आणि १९५६ च्या फेब्रुवारीत स्थापन झालेल्या समितीच्या हाती लढा गेला. त्या समितीत मोऱ्यांनी उभा केलेला शेतकरी कामगार पक्ष होता. मोरे स्वतः मात्र पुढे काँग्रेसमध्ये परतले आणि १९६२ साली पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. देव पक्षीय राजकारणापासून दूर सर्वोदयाकडे गेले, आणि चीनशी युद्ध होऊन गेल्यावर १९६३ साली दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रेचे नेतृत्व त्यांनी केले. संदर्भ सोडून नुसते 'शंकरराव काँग्रेसमध्ये होते' असे लिहिले, तर ते विधान दोघांबद्दलही खरे ठरते आणि त्यातून दोघांबद्दलही काहीच कळत नाही.

दुसरी जोडी आपल्याला पुन्हा निमगाव केतकीच्या वाटेवर आणते. पालखी येथून इंदापूरला जाते, मग बावड्यावरून सराटीला. तेथे नीरा नदी ओलांडली की अकलूज. बावडा हे शंकरराव बाजीराव पाटील यांचे गाव. अकलूज हे शंकरराव मोहिते-पाटील यांचे. नीरेच्या अल्याड पुणे जिल्हा, पल्याड सोलापूर जिल्हा. दोन्ही तीरांवर शंकरराव, दोघेही पाटील, दोघेही काँग्रेसचे, दोघांचीही पुण्याई साखर कारखान्यात आणि शिक्षणसंस्थांत साठलेली. नवख्या वाचकाने दोघांना एक समजावे अशीच सगळी तयारी.

पण दोघांना पाणी एकाच कालव्याने दिलेले नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास झाला. तो बारामतीला भिजवत इंदापूर तालुक्यात येतो, आणि येईपर्यंत थकतो. कालव्याच्या शेपटाला असणे हे इंदापूरच्या राजकारणाचे मूळ दुखणे आहे. त्यात लोकसभेचा मतदारसंघ बारामतीच्या नावाचा. शंकरराव पाटील १९८० साली आणि पुन्हा १९८९ साली बारामतीतून लोकसभेवर गेले. या दोन निवडणुकांच्या मध्ये, १९८४ साली, त्याच जागेवरून शरद पवार निवडून आले होते. १९९१ पासून मात्र, १९९४ च्या पोटनिवडणुकीतले बापूसाहेब थिटे वगळता, ती जागा पवार कुटुंबाबाहेर गेलेली नाही. म्हणजे बावड्याचे शंकरराव हे शेजारी एक मोठे सत्ताकेंद्र घडत असताना आपल्या तालुक्याचा पाय रोवून उभे राहिलेले नेते. त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ साली अपक्ष म्हणून निवडून आले, यातही त्या परिस्थितीची छाया दिसते. पल्याडचे शंकरराव मोहिते-पाटील यांची गोष्ट वेगळी. नीरेच्या उजव्या कालव्याच्या पट्ट्यात, माळशिरस तालुक्यात, त्यांनी स्वतःच एक सत्ताकेंद्र घडवले. अकलूजच्या वाढीत कारखाना, शाळा आणि बाजारपेठ यांची जी घडी दिसते ती त्यांच्या हयातीत बसली होती. १९७९ मध्ये ते गेले, तेव्हा वारसाला वारशात एक चालते यंत्र मिळाले. एक शंकरराव शेजारच्या केंद्राशी झुंजणारे, दुसरे स्वतःच केंद्र झालेले. नदीचे पात्र एवढेच त्यांच्यामधले अंतर, पण राजकीयदृष्ट्या ते पुष्कळ रुंद आहे.

तिसरे उदाहरण गोदावरीचे आहे आणि या विषयातले सर्वांत बोलके. नगर जिल्ह्यातील कोपरगाव तालुक्यात एकाच वेळी दोन शंकरराव होते, आणि ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. शंकरराव काळे (१९२१-२०१२) यांचे केंद्र कोळपेवाडीचा कारखाना, शंकरराव कोल्हे (१९२९-२०२२) यांचे केंद्र संजीवनी कारखाना. काळे १९९१ मध्ये कोपरगावातून लोकसभेवर गेले. कोल्हे अनेकदा आमदार झाले आणि राज्यात मंत्री होते. कोपरगावात नुसते 'शंकरराव' म्हणून भागणारच नव्हते. तेथे आडनाव म्हणजे गट. ही स्पर्धा पुढच्या पिढ्यांत उतरली. २०१४ साली विधानसभेची जागा कोल्ह्यांच्या सून स्नेहलता कोल्हे यांनी जिंकली, २०१९ साली काळ्यांचे नातू आशुतोष काळे यांनी ती ८२२ मतांनी परत घेतली.

याच नदीच्या खालच्या अंगाला, पैठणला, १९२० साली तिसऱ्या शंकररावांचा जन्म झाला. शंकरराव चव्हाण नांदेडचे म्हणून ओळखले जातात, पण जन्म पैठणचा, आणि त्यांच्या कारकिर्दीचे सर्वांत मोठे बांधकामही पैठणलाच आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, लोकार्पण १९७६ साली. पाटबंधारे खाते सांभाळत त्यांनी हा प्रकल्प पुढे रेटला, आणि तो पुरा झाला तेव्हा ते मुख्यमंत्री होते. दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर, १९८७ मध्ये, त्यांच्या सरकारने आठमाही सिंचनाचे धोरण आणले. उसाला बारा महिने पाणी लागते. तेच पाणी आठ महिने, हंगामी पिकांना दिले तर अधिक गावांच्या, अधिक शेतकऱ्यांच्या वाट्याला येते, असा त्यामागचा विचार. साखरपट्ट्याला तो रुचला नाही, हे सांगायला नको.

नदीच्या नकाशावर हे तिघे मांडून पाहावेत. वर कोपरगाव, जेथे ब्रिटिश काळातल्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि त्या उसावर दोन शंकररावांचे दोन कारखाने. खाली पैठण, जेथे तिसऱ्या शंकररावांनी मराठवाड्यासाठी पाणी अडवले. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचे, हा प्रश्न २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केल्यावर अधिकच पेटला. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला. पुढे प्रकरणे न्यायालयात गेली, आणि पावसाने दगा दिला की वाद नव्याने उभा राहतो. शंकररावांच्या गोतावळ्यातला हा संघर्ष नावाने कळत नाही, नदीने कळतो. जो इतिहास त्यांना 'सहकाराच्या सुवर्णकाळातील शंकरराव' अशा एका परिच्छेदात बसवतो, तो महाराष्ट्रातला पाण्याचा झगडाच पुसून टाकतो.

नामसाम्याचा मोह असाच असतो. नाव एक दिसले की आपण साम्य शोधू लागतो. अमेरिकेत जॉन्सन नावाचे दोन अध्यक्ष झाले. लिंकनच्या हत्येनंतर १८६५ साली अँड्र्यू जॉन्सन, केनेडींच्या हत्येनंतर १९६३ साली लिंडन जॉन्सन. दोघेही दक्षिणेकडचे, दोघेही उपाध्यक्षपदावरून आलेले. या योगायोगांच्या याद्या तिकडे फार आवडीने वाचल्या जातात. त्या याद्यांत सहसा न येणारी गोष्ट अशी की पहिल्या जॉन्सनने १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा नकाराधिकार वापरून अडवू पाहिला, आणि दुसऱ्याने १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. योगायोग लक्षात राहिला आणि इतिहास निसटला.

आपल्याकडे योगायोगाला आणखी एक जोड मिळते, ती गौरवाची. अकलूजच्या कारखान्याला आज सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांचे नाव आहे. संजीवनी कारखाना सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे यांच्या नावाचा झाला. कोळपेवाडीचा कारखाना कर्मवीर शंकरराव काळे यांचा. बिजवडीचा इंदापूर कारखाना कर्मयोगी शंकरराव पाटील यांचा. चार कारखाने, चार शंकरराव, दोन सहकारमहर्षी, एक कर्मवीर, एक कर्मयोगी. ही विशेषणे कृतज्ञतेपोटी आली असतील, त्याबद्दल तक्रार नाही. पण विशेषणाचे व्याकरणातले पहिले काम वेगळेपण दाखवण्याचे. 'तांबडी गाय' म्हटल्यावर काळी गाय बाजूला व्हावी. 'कर्मवीर' म्हटल्यावर कोण बाजूला होतो? तेच बिरूद भाऊराव पाटलांचेही आहे. 'सहकारमहर्षी' म्हटल्यावर नीरेकाठचे शंकरराव उभे राहावेत की गोदाकाठचे? जे विशेषण सर्वांना लावता येते ते कोणाचीच ओळख सांगत नाही. गौरव वाढत जातो तसा माणूस पुसट होत जातो, आणि शेवटी उरते ते कमानीवरचे नाव.

आडनावेही फारशी मदतीला येत नाहीत. 'पाटील' हे आडनाव मुळात गावच्या अधिकाराचे नाव, त्यामुळे गावोगाव पाटील. अकलूजकरांनी 'मोहिते' जोडले म्हणून निभावले. 'चव्हाण' म्हणावे तर यशवंतराव, शंकरराव, अशोक आणि पृथ्वीराज असे चार मुख्यमंत्री त्या आडनावाचे. त्यांतले दोघे बापलेक, बाकीचे निराळ्या घरांतले.

एवढे सगळे अभ्यासकांपुरते असते तर फार बिघडले नसते. पण नावाचा घोळ मतपेटीपर्यंत पोचतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली होती. २०२४ मध्ये दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले खरे, पण भगरे आडनावाच्या दुसऱ्या एका अपक्षाने एक लाखाहून अधिक मते घेतली. त्याचे चिन्हही पक्षाच्या चिन्हाशी मिळतेजुळते होते. रायगडात ज्यांनी बटण दाबले त्यांतल्या कित्येकांच्या मनात एक माणूस होता आणि यंत्रात दुसरा मोजला गेला, असे मानायला जागा आहे. मत देणे म्हणजे नाव ओळखणे, असे जेथे गृहीत धरलेले असते तेथे नामसाम्य हे हत्यार होते.

यावर उपाय काय? मे २०१५ पासून मतपत्रिकेवर आणि यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र येऊ लागले. २०२४ मध्ये सारख्या नावाच्या उमेदवारांना रोखावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा आईबापांनी ठेवलेल्या नावासाठी कोणाचा उमेदवारीचा हक्क कसा काढून घ्यायचा, असा न्यायालयाचा रोख होता. तो योग्यच म्हणायला हवा. सामान्य माणसाच्या घरी प्रसिद्ध नाव जन्माला आले, हा त्याचा अपराध नव्हे. पण याहून जुना आणि मला अधिक रुचणारा उपाय १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत आहे. बावीसावा नियम सांगतो की दोन उमेदवारांचे नाव एकच असेल तर त्यांचा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अशीच काही खूण जोडून त्यांना वेगळे दाखवावे. निमगावांनी जे शतकानुशतके केले तेच हा नियम सांगतो. कोठला, आणि काय करतो.

साहित्याच्या आणि इतिहासाच्या अध्यापकांना येथे करण्यासारखे थोडे काम आहे, आणि ते दिसते तितके क्षुल्लक नाही. मराठी ग्रंथांना नामसूची फार क्वचित असते, आणि असली तर तीत 'शंकरराव' या नोंदीखाली पृष्ठांकांची रांग असते, माणसे वेगळी केलेली नसतात. आत्मचरित्रांत, चळवळींच्या आठवणींत लेखक 'शंकररावांनी सांगितले' असे लिहून पुढे जातो, कारण त्याच्या वाचकांना ते कोण हे ठाऊक होते. तो वाचक आता उरलेला नाही. अशा पानाच्या समासात एका ओळीत साल, गाव आणि पक्ष लिहून ठेवणे हे संपादनाचे मूळ काम आहे. विद्यार्थ्याला एखाद्या आठवणींच्या पुस्तकातले सर्व 'राव' असे सोडवायला लावावेत. त्यात त्याला पक्षांची फाटाफूट, कालव्यांचे नकाशे आणि जातींची गणिते आपोआप हाताळावी लागतील.

अकलूजच्या कारखान्याचा पत्ता आज 'शंकरनगर' असा आहे. माणसाला ओळखायला गाव लागते, आणि थोड्याच काळात गाव माणसाच्या नावाने ओळखले जाऊ लागते. शंकरनगरे महाराष्ट्रात आणखीही आहेत. तेव्हा शंकरनगर म्हटल्यावर पुढचा प्रश्न तोच विचारावा लागणार, जो निमगावाच्या बाबतीत विचारला जातो. कोणते?